ग्रीनरचं पुस्तक

मंडळी, गेली दोन वर्षं मला कोणी "सर, सध्या काय वाचताय?" असं विचारलं, की मी "बंदुकीवरचं एक पुस्तक शोधतोय" असं सांगायचो आणि समोरचा माणूस हसायचा. हसणारच! ज्यानं जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, जो घरात सापडलेला उंदीरसुद्धा पिंजऱ्यासकट रंकाळ्यापर्यंत नेऊन सोडतो, त्याला या वयात बंदुकीशी काय करायचंय? नातेवाइकांपैकी अनेकांनी अर्धवट काहीतरी ऐकलेलं आहे. म्हणून आज सगळं एकदाच नीट लिहून काढतो.

आमच्या घरात एक जुनी दुनळी आहे. बारा बोअरची, बाहेरून दोन घोडे असलेली, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीची. माझे आजोबा कोल्हापूर संस्थानात जंगल खात्यात कारकून होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली, असं वडील सांगायचे. आजोबांच्या मागे ती वडिलांकडे आणि वडिलांच्या मागे आमच्या दादांकडे आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यानंतर तिच्यातून एकही बार निघालेला नाही. वर्षातून एकदा खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि परत कपाटात. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. दादा थट्टेनं म्हणायचे, "आपल्या घरात सगळ्यात जास्त वेळा चौकीवर गेलेली हीच!"

२०२१ साली दादा गेले. माणूस गेला की त्याचा परवानाही संपतो. बंदूक जमा झाली आणि पुतण्यानं वारस म्हणून अर्ज केला. कागद, चौकशा, पुन्हा कागद असं करत २०२३ मध्ये त्याच्या नावानं परवाना झाला आणि बंदूक घरी आली. दोन वर्षं तेल-पाणी नाही. नळ्या नुसत्या करड्या पडलेल्या, काही ठिकाणी गंजाचे ठिपके आणि एक घोडा उभा राहायचाच नाही.

पुतण्या पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. मुलगा गुणी आहे, वडिलांच्या आठवणीनं हळवाही झालेला. त्यानं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. एक, बंदूक एका दुकानात देऊन नळ्या काळ्याभोर, अगदी नव्यासारख्या करून घ्यायच्या. आणि दुसरी, एकदा तरी, कुठल्या तरी रेंजवर रीतसर परवानगी काढून, वडिलांच्या नावानं दोन बार काढायचे. परवान्यावर त्यानं पाच काडतुसंही आणून ठेवली होती. सणासुदीला हवेत गोळीबार करणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून गुन्हाच आहे, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून रेंजची गोष्ट. सगळं कायद्यात बसणारं होतं. तरी वहिनींच्या मनात काहीतरी खुपत होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, ह्याला नाही म्हणवत नाही. पण शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, फुटली म्हणजे? तुम्ही पुस्तकं वाचता. जरा बघा ना काय ते."

वहिनी ऐंशीच्या आहेत. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. मी बघतो म्हणालो. हे सगळं इथून सुरू झालं.

मी पुतण्याला घेऊन एका मिस्त्रींकडे गेलो. बंदूक त्याच्याच हातात, परवाना त्याच्या खिशात. (ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो, बंदूक दुरुस्त करायलाही सरकारचा परवाना लागतो, दुरुस्त करणाऱ्याकडे!) हे मिस्त्री माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांनी संस्थानच्या शिलेखान्यात काम केलेलं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक शेगडा, एक ट्यूबलाइट. त्यांनी बंदूक मोडून नळ्या वेगळ्या केल्या, उजेडाकडे धरून आतून पाहिलं, बाहेरून अंगठा फिरवला आणि पुतण्याला विचारलं, "काळी करून पायजे?"

"हो."

"मग माझ्याकडं नको. आणि दुसरीकडंबी नको. ह्या नळीत जौहर हाय. काळी केलीसा की मेली."

मग ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या बोलण्यातून हळूहळू कळलं ते असं. अशा नळ्यांवर मूळचा रंग कसा आणायचा हे त्यांच्या वडिलांना येत होतं. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, "ग्रीनरचं पुस्तक". वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. संस्थानातल्या कोणा शिकलेल्या माणसानं कधीतरी वाचून दाखवलेलं, त्यावर वडिलांनी समासात मोडीत टिपणं केलेली. मिस्त्री लहानपणी त्यातली चित्रं बघायचे. वडिलांबरोबर हे काम त्यांनी दोनदा केलं होतं, तेही पन्नास वर्षांपूर्वी. पुढे अशी कामं येईनाशी झाली. पुस्तक ट्रंकेत राहिलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा ट्रंकेसकट गेलं. चिखलाचा गोळा झाला होता म्हणे, पान सुटेना.

"सर, तेवढं पुस्तक मिळवा," ते मला म्हणाले. "मला वाचता येत न्हाई. पर चित्रं दिसली की हाताला आठवंल."

आता सांगा, शिक्षकाला याहून मोठं काम कोणी कधी दिलं असेल?

पुस्तकाचं नाव शोधणं सोपं होतं. विल्यम वेलिंग्टन ग्रीनर (१८३४-१९२१) हा त्या कंपनीचा मालक, स्वतः कारागीर आणि वर लेखक. 'द गन अँड इट्स डेव्हलपमेंट' हे त्याचं पुस्तक पहिल्यांदा १८८१ साली निघालं आणि त्याच्या हयातीत वाढत वाढत १९१० साली नववी आवृत्ती आली. आठशे पानांच्या घरातला ग्रंथ. त्याच्या वडिलांनीही, म्हणजे थोरल्या विल्यम ग्रीनरनं, १८३५ मध्ये बंदुकीवर पुस्तक लिहिलं होतं. आपल्याकडे वैद्याच्या घरात बाड असावं तसं त्यांच्या घरात हे बंदुकीचं बाड.

मिळवणं मात्र तितकं सोपं नव्हतं. आधी गावातली वाचनालयं पाहिली. एका जुन्या वाचनालयाच्या कपाटात शिकारीवरची इंग्रजी पुस्तकं रांगेनं उभी होती, संस्थानी काळातली, चामडी बांधणीची. त्यात ग्रीनर नव्हता. पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारलं तर एका पोरानं "कुठल्या युनिव्हर्सिटीला आहे?" असं विचारलं. मुंबईत हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर दोन दुपारी घालवल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं मात्र नाव ऐकताच मान डोलावली आणि म्हणाला, "पंधरा वर्षांपूर्वी आला असतात तर काळबादेवीला मिळालं असतं." त्याचा रोख न्यू अँड सेकंडहँड बुकशॉपकडे होता. ते दुकान २०११ मध्येच बंद झालं. माझ्या बी.ए.च्या काळात मामाकडे मुंबईला गेलो की मी तिथे तास-तास उभा राहत असे. एक पुस्तक शोधायला निघालं की न सापडलेली दुकानंही अशी भेटत जातात. असो.

शेवटी नातीनं ते शोधलं. किती वेळात? चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात! लेखक वारून शंभर वर्षं झाली, त्यामुळे पुस्तक कोणाच्या मालकीचं उरलेलं नाही. परदेशातल्या ग्रंथालयांनी जुन्या प्रती स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. "आजोबा, उगीच मुंबईला गेलात," असं ती म्हणाली. मी तिला काही बोललो नाही, पण फुटपाथवरच्या त्या दोन दुपारी मला उगीच वाटल्या नाहीत.

मी तिचा टॅब घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. बोट लावलं की पान पळायचं. आणि नेमकी ज्या चित्रांसाठी सगळा खटाटोप, ती नळ्यांवरच्या नक्षीची चित्रं स्कॅनमध्ये काळीकुट्ट उठली होती. झेरॉक्सवाल्याकडून पानं छापून घेतली, तीही तशीच. मिस्त्री म्हणाले, "ह्यात नळी दिसत्या, जौहर दिसत न्हाई." कागदावरचं पुस्तकच हवं होतं.

ते आणलं माझ्या एका विद्यार्थिनीनं. १९९० च्या दहावीच्या बॅचमधली ही मुलगी (मुलगी कसली, आता पन्नाशीची बाई) इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सर, बर्मिंगहॅम इथून जवळ आहे, बघते." नवव्या आवृत्तीचं एक जुनं पुनर्मुद्रण तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पंचवीस पौंडांना मिळवलं. पैसे घ्यायला तयार नव्हती, मी घ्यायला लावले. शिवाय बाई एका शनिवारी ग्रीनरचा कारखाना बघायलाही गेली. बर्मिंगहॅममध्ये बंदूकवाल्यांचा एक आख्खा भाग होता, त्याला अजूनही गन क्वार्टर म्हणतात. पण १९६० च्या दशकात वर्तुळाकार रस्त्यासाठी त्यातला बराच भाग पाडला गेला. ग्रीनरच्या जागी तिला गाड्यांची रहदारीच बघायला मिळाली. नळ्यांची परीक्षा घेणारं १८१३ चं प्रूफ हाऊस मात्र उभं आहे आणि आजही चालू आहे. त्याच्या दाराचा फोटो तिनं पाठवला. मी तो मिस्त्रींना दाखवला, तर त्यांनी हात जोडले!

डिसेंबरात ती आली तेव्हा तिच्या बॅगेतून ते पुस्तक निघालं. दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा भरू लागली. रोज दुपारी तीन ते पाच, मिस्त्रींचं दुकान, एक विद्यार्थी, एक मास्तर. कोण विद्यार्थी आणि कोण मास्तर ते मात्र रोज बदलायचं.

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचतो, पण ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. आणि डिक्शनरीत शब्दाचा अर्थ मिळतो, वस्तू मिळत नाही. एखादा शब्द अडला की मी मिस्त्रींना त्याचं चित्र दाखवायचो आणि ते सांगायचे, "ही कमान. ह्यो घोडा. ह्यो चाप. ही डाखाची पट्टी." मी वहीत लिहून घ्यायचो. मग तोच उतारा मराठीत वाचून दाखवायचो. कधी ते मान हलवायचे, कधी म्हणायचे, "न्हाई सर, असं नसंल. परत बघा." परत बघितलं की बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं. त्यांना भाषा येत नव्हती, पण काम कसं होऊ शकतं आणि कसं होऊच शकत नाही, हे ठाऊक होतं.

त्या नळ्या कशा बनायच्या हे वाचताना आम्ही दोघंही थक्क झालो. आजची नळी म्हणजे पोलादाचा एक अखंड दांडा भोक पाडून केलेला. जुनी नळी तशी नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, तापवून ठोकून त्यांची एक सळई करायची. ती सळई तापवून दोरीसारखा पीळ द्यायचा. अशा दोन-तीन पीळदार सळया शेजारी ठेवून त्यांची फीत करायची आणि ती फीत एका गजाभोवती गुंडाळून, ठोकून ठोकून एकजीव करायची. मग आतून कोरायची, बाहेरून घासायची. एवढ्या खटाटोपानंतर जी नक्षी उमटते ती वर काढलेली नसते. ती लोखंडाच्या अंगात शेवटपर्यंत असते, साखरेच्या कांडीतल्या रंगासारखी. हीच 'दमास्कस' नळी. मिस्त्री त्याला जौहर म्हणतात, तलवारीच्या पात्यावरच्या लहरींना म्हणतात तसं.

आणि रंग? मंडळी, मला वाटत होतं नळीला काहीतरी रंग देत असतील. तो रंग नसतोच. तो गंज असतो! नळी चुन्यानं घासून अगदी निर्मळ करायची, बोटाचासुद्धा तेलकट डाग नको. मग तिच्यावर आम्लाचं मिश्रण हलक्या हातानं पुसायचं आणि ती दमट जागी ठेवून द्यायची. रात्रभरात गंजाची लव येते. ती तारेच्या ब्रशनं हळूच उतरवायची, नळी उकळत्या पाण्यात धुवायची आणि परत पहिल्यापासून. असं अनेक दिवस. लोखंड आणि पोलाद सारखं गंजत नाही, त्यामुळे एक रेघ गडद होते, एक फिकी राहते आणि आतली नक्षी वर येते. शेवटी गंज थांबवून तेल द्यायचं. जो गंज खायला बसलेला असतो, त्यालाच शिस्तीत आणून राखणीला ठेवायचं.

दुकानातला काळा रंग का नको, तेही इथेच उलगडलं. दोन नळ्यांच्या मधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या कथलाच्या डाखानं जोडलेल्या असतात. काळं करायची झटपट रीत म्हणजे तीव्र क्षाराच्या उकळत्या पाण्यात नळ्या बुडवायच्या. एका अखंड नळीला ते चालतं. दुनळीत ते पाणी डाख खातं, पट्ट्या सुटतात, शिवाय सांध्यात शिरलेला क्षार आतून खात राहतो. पट्ट्या कशा जोडतात हे पुस्तकानं सांगितलं, डाखाचं काय होतं हे मिस्त्रींनी. अशी एक नळी त्यांच्याकडे मोडीत पडलेली होती, ती त्यांनी पुतण्याच्या हातात दिली. पट्टी हातानं उचलली जात होती. पुतण्या त्या दिवशी काही बोलला नाही, पण त्या दुकानाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

राहिली बार काढायची गोष्ट. वहिनींच्या मनात खुपत होतं ते हेच, आणि उत्तर नळीच्या पोटावर लिहिलेलं होतं.

बर्मिंगहॅमच्या त्या प्रूफ हाऊसमध्ये प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून बघत. टिकली तर तिच्यावर शिक्का. म्हणजे नळीची बोर्डाची परीक्षाच. पुस्तकात या शिक्क्यांची चित्रं आहेत. आम्ही भिंग घेऊन आमच्या नळ्यांवरचे शिक्के पाहिले. एकमेकांना छेदणारे दोन राजदंड, वर मुकुट. सगळे शिक्के काळ्या दारूच्या परीक्षेचे. नव्या, बिनधुराच्या दारूची परीक्षा १८९६ पासून सुरू झाली, तिचा एकही शिक्का नाही. माझ्याकडे जुन्या अकरावीचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आहे. ते खरं आहे, मी ते अभिमानानं दाखवतो, पण ते घेऊन मी आज कोणाचं ऑपरेशन करायला जाणार नाही. तसंच हे.

मग मिस्त्रींनी मापाची काडी घालून काडतुसाची जागा मोजली. अडीच इंच, म्हणजे आजच्या भाषेत पासष्ट मिलिमीटर. पुतण्याची काडतुसं सत्तरची. आणि गंमत अशी, की सत्तरचं काडतूस त्यात आरामात बसतं! कारण भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं. उडाल्यावर ते उलगडतं, तेव्हा त्याला पुढे जागाच नसते. ते निमुळत्या भागात घुसतं, वाट अडते आणि दाब वाढतो. ज्या नळीनं नव्या दारूची परीक्षाच दिलेली नाही, तिच्यात. शिवाय आत दोन ठिकाणी गंजानं खड्डे पाडलेले. मिस्त्री पुतण्याला म्हणाले, "बसतंय म्हणून चालतंय असं नसतं, भाऊ. डावा हात नळीखाली असतोय."

पुतण्यानं पाचही काडतुसं रीतसर परत केली. मी वहिनींना फोन करून सांगितलं. त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या, पण त्यांनी सोडलेला श्वास मला फोनवरही ऐकू आला.

शिक्क्यांनी आणखी एक उद्योग केला. डाव्या नळीवर अगदी बारीक इंग्रजी अक्षरं होती : 'नॉट फॉर बॉल'. म्हणजे या नळीत सबंध गोळी घालू नये. ग्रीनरनं १८७४ च्या सुमारास 'चोक' रुळवला, नळीचं तोंड किंचित आवळायचं, म्हणजे छर्रे पसरत नाहीत. पण अशा आवळलेल्या तोंडातून सबंध गोळी जाताना नळी फाटायची भीती, म्हणून हा इशारा. हे शब्द १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात ठोकले जात, पुढे शिक्का बदलला. त्यामुळे आमची बंदूक कधीची ते कळलं. पण पंचाईत अशी, की आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे : आजोबांनी दाजीपूरच्या रानात, अंगावर आलेल्या बिबट्याला डाव्या नळीतून गोळी घालून एका बारात पाडलं!

ही गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितली आहे, नातीला सांगितली आहे, वर्गात ऑफ तासाला मुलांना सांगितली आहे. आता काय करायचं? आठ दिवस मी ते मनात ठेवलं. मग एका संध्याकाळी वहिनींकडे गेलो आणि सगळं समजावून सांगितलं. चोक, शिक्का, गोळी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे ते आजेसासरे, शेवटची दोन वर्षं त्यांची सेवा वहिनींनीच केली होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या नळीवर लिहिलंय ते इंग्रजीत ना?"

"हो."

"मग त्यांना इंग्रजी कुठं येत होतं?"

मी खूप दिवसांनी इतका हसलो. आणि खरं सांगू? इतिहासाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगलं उत्तर सापडलं नसतं. आजोबांनी ठसठशीत छर्रे घातले असतील आणि सांगताना त्यांची गोळी झाली असेल. किंवा खरंच गोळी घातली असेल आणि नशिबानं नळी टिकली असेल. शिक्का काय करू नये ते सांगतो. कोणी काय केलं ते सांगत नाही. गोष्ट मी अजून सांगतो. फक्त आता शिक्क्यासकट सांगतो.

रंगाचं काम २०२५ च्या श्रावणात झालं. मिस्त्रींनीच तो महिना निवडला, कारण हवेत दमटपणा हवा. पुस्तकातल्या काळी अशा मिश्रणांत रसकापूर घालत. मी ते वाचलं तेव्हा मिस्त्रींनी हात वर केला. "ते नको. वडलांचे दात त्यानंच गेले." तो घटक त्यांनी वगळला, वेळ जास्त लागेल म्हणाले. लागला. सात वेळा गंज आणला आणि सात वेळा उतरवला. पहिल्या दोन वेळा काही दिसलं नाही, नुसता मातकट डाग. तिसऱ्या खेपेला उकळत्या पाण्यातून नळी वर काढली तेव्हा मिस्त्री ओरडलेच, "आलं! सर, आलं!" तांबूस-करड्या रंगात बारीक बारीक वळणं, एकात एक गुंतलेली, थेट पुस्तकातल्या चित्रासारखी. शंभरावर वर्षं ती तिथे होती आणि आम्ही तिच्यावर दरवर्षी हळद लावत होतो.

घोड्याची कमान त्यांनी नवी बसवली. दस्त्यावर हाताची पकड असते तिथली चौकटींची कोरीव जाळी मात्र झिजून गुळगुळीत झाली होती. पुतण्या म्हणाला, "ही पण नवी कोरता येईल ना?" मिस्त्री म्हणाले, "येईल की. पर ही माणसाच्या हातानं झिजलीय. गंजानं झिजलं ते मी काढतो. हातानं झिजलं ते न्हाई काढत." पुतण्यानं तिथे आपला हात ठेवून बघितला. मग म्हणाला, "राहू दे."

त्या आठशे पानांतून आणि त्या आठ बाय दहाच्या खोलीतून मी काय शिकलो, ते एवढंच : जुनी वस्तू नीट करणं म्हणजे निम्मं काम करण्याचं आणि निम्मं न करण्याचं. आणि यातलं काय करायचं हे पुस्तकात असतं, पण कुठे थांबायचं हे हातात असतं. दोन्ही एकत्र आले नाहीत तर पुस्तक परदेशातल्या कपाटात राहतं आणि हात इथे थकून जातात. पुस्तक दुर्मिळ होतं असं आपण म्हणतो. छापील प्रती संपतात हे खरं, पण ते ज्याच्या उपयोगाचं त्याला वाचून दाखवणारा कोणी उरत नाही, तेव्हा ते जास्त दुर्मिळ होतं.

मिस्त्रींचा मुलगा या धंद्यात नाही, तो रिक्षा चालवतो. नातवाला मात्र दुपारी दुकानात येऊन बसायचा नाद लागलाय. माझी दोनशे पानी वही झाली आहे. डावीकडे ग्रीनरचं मराठी, उजवीकडे मिस्त्रींचे शब्द आणि "परत बघा" म्हटलेल्या जागा. तिच्या दोन प्रती काढल्या. एक माझ्याकडे, एक मिस्त्रींकडे, तीही यावेळी ट्रंकेत नाही, माळ्यावर, पुराच्या रेषेच्या वर. मूळ पुस्तक त्यांच्याकडेच ठेवलं आहे. त्यांनी विचारलं, "सर, समासात लिवलं तर चालंल?" मी म्हणालो, "त्यासाठीच समास असतो."

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी आजोबा-पणजोबांची दुनळी असेल (आपल्या कोकणातल्या मंडळींकडे नक्की असेल!), तर एक विनंती. तिला कुठल्या पाण्यात बुडवू नका आणि तिच्यात आजचं काडतूस घालून बघू नका. आधी परवानाधारक, जाणत्या मिस्त्रीकडून नळ्या सुट्या करून घ्या आणि खालच्या अंगाला काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. इंग्रजी अडलं तर मला कळवा. दुपारी तीन ते पाच सोडून कधीही.